पाळी गेल्यानंतरची हार्मोनची गोळी

रजोनिवृत्तीनंतर झालेला स्तनाचा कर्करोग पुष्कळदा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसलेला असतो. अशा रुग्णाला शस्त्रक्रिया, किमो आणि शेक यांपैकी जे लागेल ते झाल्यावर रोज एक छोटी गोळी सुरू होते आणि ती किमान पाच वर्षे चालते. रुग्ण तिला ‘हार्मोनची गोळी’ किंवा ‘पाच वर्षांची गोळी’ म्हणतात. ही गोळी हार्मोन देत नाही, त्याची रसद तोडते. शस्त्रक्रियेनंतर शरीरात कुठेतरी दडून राहिलेल्या, कोणत्याही तपासणीत न दिसणाऱ्या कर्कपेशींना खाद्य मिळू नये, एवढ्यासाठी ती घ्यायची असते.

रजोनिवृत्ती झाली म्हणजे बीजांडकोशांनी इस्ट्रोजेन तयार करणे सोडले. तरीही ते शरीरातून पुरते नाहीसे होत नाही. मूत्रपिंडांच्या वरच्या बाजूला असलेल्या अधिवृक्क ग्रंथी काही पुरुषी संप्रेरके रक्तात सोडत राहतात. चरबी, स्नायू, त्वचा आणि खुद्द स्तन यांत अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर असते, ते या संप्रेरकांचे इस्ट्रोजेन करते. प्रमाण अगदी थोडे, पण त्यावर वाढणाऱ्या गाठीला तेवढे पुरते. लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, अ‍ॅनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम आणि एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम या तीन गोळ्या हे विकरच निकामी करतात. टॅमॉक्सिफेन ही जुनी गोळी वेगळ्या रीतीने काम करते. ती इस्ट्रोजेनची निर्मिती रोखत नाही. कर्कपेशीत इस्ट्रोजेनने जिथे चिकटायचे, ती ग्राही जागाच अडवून बसते.

हा उपचार शंभर वर्षांहून जुन्या निरीक्षणातून आला. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केले, की बीजांडकोश काढल्यावर स्तनाचा पसरलेला कर्करोग काही स्त्रियांत आक्रसतो. संप्रेरक म्हणजे काय, हेही तेव्हा ठाऊक नव्हते. टॅमॉक्सिफेन १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी तयार केले. मूळ शोध गर्भनिरोधकाचा होता. त्या कामी ते उपयोगी पडले नाही आणि १९७०च्या दशकात कर्करोगाचे औषध म्हणून पुढे आले. अ‍ॅरोमॅटेज रोखण्याची कल्पना अँजेला ब्रॉडी या शास्त्रज्ञ स्त्रीने धरून ठेवली. औषध कंपन्यांना या कल्पनेत फारसा रस नसतानाही ब्रॉडी तिच्यामागे राहिल्या आणि १९८०च्या दशकात लंडनमध्ये त्यांचे औषध रुग्णांवर वापरले गेले. आजच्या तिन्ही गोळ्या १९९०च्या दशकात बाजारात आल्या.

टॅमॉक्सिफेन की नवी गोळी, याचा निवाडा मोठ्या चाचण्यांनी केला. त्यांतल्या एका चाचणीतच पाळी गेलेल्या ९,३६६ स्त्रिया होत्या. अशा चाचण्यांतल्या सुमारे ३२ हजार स्त्रियांची माहिती २०१५ मध्ये एकत्र तपासली गेली. पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पुढच्या दहा वर्षांत या कर्करोगाने मरण्याचा धोका हार्मोनचा कोणताच उपचार न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. अ‍ॅरोमॅटेज रोखणाऱ्या गोळीने तो सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. इतक्या साध्या गोळीने इतके जीव वाचवणे कर्करोगाच्या उपचारांत विरळाच.

हा लाभ दोन गोष्टी नक्की ठरल्या तरच मिळतो, आणि त्या दोन्ही गोळी सुरू होण्याआधीच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे गाठीचा अहवाल. काढलेल्या तुकड्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या ग्राहींची तपासणी होते. अहवालात ती ‘ईआर’ आणि ‘पीआर’ या अक्षरांनी दिसते. शंभरातल्या एका कर्कपेशीत जरी ईआर आढळला, तरी अहवाल पॉझिटिव्ह धरतात. दहा टक्क्यांपर्यंत असेल तर लाभ कमी अपेक्षिला जातो. दोन्ही निगेटिव्ह असतील तर या गोळीचा उपयोग नाही. म्हणून हा अहवाल बरोबर असणे फार मोलाचे आहे, आणि तो चुकण्याची एक वाट अगदी साधी आहे. काढलेली गाठ तासाभरात दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तिच्या आकाराच्या कितीतरी पट द्रावणात बुडवून ठेवावी लागते. ती तशीच पडून राहिली, सलाईनमध्ये पाठवली गेली किंवा फॉर्मॅलिन अपुरे पडले, तर ग्राही नष्ट होतात आणि पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह दिसते. त्या बाईचा खात्रीचा उपचार एका बाटलीपायी हुकतो. छोट्या गावात शस्त्रक्रिया झाली असेल तर मेणात जपलेला तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, मागून घेऊन मोठ्या केंद्रात पुन्हा तपासून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. शंका असल्यास तो जरूर वापरावा.

दुसरी गोष्ट म्हणजे पाळी खरोखरच गेली आहे का. भारतीय स्त्रियांची पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी थांबते. साठीच्या बाईबाबत प्रश्न येत नाही. पण ग्रामीण महाराष्ट्रात पस्तिशी-चाळिशीतच ‘पिशवी काढलेल्या’ बायका खूप आहेत. पिशवी काढल्याने पाळी बंद होते, रजोनिवृत्ती येतेच असे नाही, कारण बीजांडकोश बहुधा जागच्या जागी असतात आणि काम करत राहतात. किमोमुळे चाळिशीतल्या बाईची पाळी थांबते तेव्हाही असेच. काही महिन्यांनी बीजांडकोश पुन्हा जागे होऊ शकतात. अशा बाईला नुसते लेट्रोझोल दिले तर घात होतो. शरीरातले इस्ट्रोजेन उतरल्याचे कळताच मेंदूकडून बीजांडकोशांना जोराचा इशारा जातो आणि ते उलट अधिक काम करू लागतात. वंध्यत्वावर उपचार करणारे डॉक्टर बीज तयार व्हावे म्हणून हेच औषध वापरतात, ते याच गुणामुळे. म्हणून ‘पाळी येत नाही’ एवढे डॉक्टरांना सांगून थांबू नये. पिशवी कधी काढली आणि तिच्याबरोबर बीजांडकोश काढले का, हेही सांगावे आणि त्या शस्त्रक्रियेचा कागद असेल तर दाखवावा. गरज वाटल्यास एफएसएच आणि इस्ट्रॅडिओल या संप्रेरकांची रक्ततपासणी होते. बीजांडकोश चालू असतील तर टॅमॉक्सिफेन देतात, किंवा इंजेक्शनाने अथवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने बीजांडकोश थांबवून मग ही गोळी देतात.

पालघर तालुक्यात सूर्या नदीकाठी वसलेल्या मासवणसारख्या गावाकडून पाहिले, तर या उपचाराचा मोठा भाग परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाशी जोडलेला असतो. १९४१ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे ज्या खात्याचे नाव या भागात घरोघरी माहीत आहे, तेच हे खाते. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, त्यामुळे पालघर-बोईसरहून दादर गाठणे सोपे झाले. तरी त्या प्रवासात दोनेक तास जातात आणि त्याआधी गावातून स्टेशन गाठायचे असते. या गोळीसाठी रुग्णालयात राहावे लागत नाही, सुई टोचावी लागत नाही, ही इथल्या बाईसाठी मोठी सोय आहे. गोळी जेनेरिक रूपात, भारतीय कंपन्यांची मिळते. सहा महिन्यांच्या फेरतपासणीच्या मधल्या काळात ती खंडित होऊ नये, एवढे पाहावे लागते.

आणि ती खंडित होते ती बहुतेक दुखण्यामुळे. अ‍ॅरोमॅटेज रोखणाऱ्या गोळ्यांचा सर्वांत त्रासदायक परिणाम म्हणजे सांधेदुखी. सकाळी उठताना बोटे वळत नाहीत, गुडघे आखडतात. आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या किंवा औद्योगिक वसाहतीत आठ तास उभ्या राहणाऱ्या बाईला हे दुखणे किरकोळ नसते. ‘कॅन्सर तर गेला, मग गोळी कशाला?’ असे म्हणून ती गोळी सोडते आणि पुढच्या भेटीत सांगायला संकोचते. इथे डॉक्टरांनी आपणहून विचारले पाहिजे, कारण या दुखण्यावर इलाज आहेत. रोजचे चालणे आणि व्यायाम यांनी दुखणे कमी होते हे चाचण्यांत दिसले आहे. वेदनाशामक काही काळ घेता येते. तीनपैकी एक गोळी सोसत नसेल तर दुसरी अनेकींना सोसते. काहीच जमले नाही तर टॅमॉक्सिफेन आहेच. लाभ थोडा कमी असला तरी काहीच न घेण्यापेक्षा तो कितीतरी अधिक.

हाडांची झीज मात्र दुखत नाही, म्हणून ती लक्षात राहत नाही. उरलेसुरले इस्ट्रोजेनही गेल्याने हाडे विरळ होतात आणि मनगट, मणका किंवा खुबा मोडण्याचा धोका वाढतो. गोळी सुरू करताना आणि पुढे ठरावीक काळाने हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात. झीज अधिक असेल तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन सहा महिन्यांनी देतात. जेवणातली नाचणी आणि काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी ही या भागातली कॅल्शियमची चांगली साधने आहेत, पण ती औषधाची जागा घेत नाहीत. अंगातून गरम वाफा येणे, योनी कोरडी पडणे, कोलेस्टेरॉल वाढणे हेही होते. कोरडेपणावर इस्ट्रोजेनचे मलम मनाने लावू नये. हार्मोन नसलेली जेल मिळतात. टॅमॉक्सिफेनचे धोके निराळे. पायात रक्ताची गुठळी होणे आणि क्वचित गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग हे त्यांतले गंभीर. पाळी गेल्यावर टॅमॉक्सिफेन चालू असताना पुन्हा रक्त दिसले, थेंबभर का असेना, तर लगेच तपासून घ्यावे. पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना मात्र ते उलट जपते.

गोळी किती वर्षे, याचे उत्तर आजाराच्या जोरावर ठरते. हार्मोनवर पोसणाऱ्या या कर्करोगाचा स्वभाव सावकाश आहे. तो पंधरा-वीस वर्षांनीही परतू शकतो. काखेतल्या गाठींत आजार पोहोचला असेल तर पाच वर्षांनंतर आणखी दोन-तीन वर्षे गोळी वाढवतात. त्याहून लांबवल्याने फारसा जास्त फायदा होत नाही आणि हाडे मोडण्याचा धोका वाढतो.

गाठ लवकर सापडली तर या गोळीचे काम सोपे होते. त्यासाठी मॅमोग्राफीचे यंत्र गावात असलेच पाहिजे असे नाही. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखांहून अधिक स्त्रियांची चाचणी सुरू केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष आले. सर्व वयांत मिळून मृत्यूंतली घट संख्याशास्त्राने निश्चित म्हणता येण्याइतकी नव्हती. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. तिशीनंतरच्या स्त्रियांची अशी तपासणी आता सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे, आणि तिच्यासाठी जवळचे उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले तरी पुरते.

आजार हाडांत, फुप्फुसांत किंवा यकृतात पसरल्यावरही हार्मोनचा उपचार बाद होत नाही. जिवाला तातडीचा धोका नसेल तर तिथेही किमोआधी याच गोळ्या देतात आणि त्यांच्या जोडीला पॅल्बोसिक्लिबसारखी पेशींचे विभाजन रोखणारी औषधे देतात. त्यामुळे आजार बराच अधिक काळ आटोक्यात राहतो. पॅल्बोसिक्लिबचे भारतातले पेटंट २०२३ मध्ये संपले, भारतीय कंपन्यांची गोळी आली आणि एरवी आवाक्याबाहेर असलेली तिची किंमत बरीच खाली आली.