त्याला कळलं, आपल्याला बरं वाटलं!

पनवेलहून सीएसएमटी गाठायला हार्बर लाईनवर सव्वा तासाच्या वर जातो. म्हणजे डेटिंग शोचा एक एपिसोड आरामात, आणि उरलेल्या वेळात त्यावरची मीम्स. आता खरं सांगा, त्यातला कोणता भाग तुम्ही मागे नेऊन परत बघता? पहिली भेट? बीचवरची डेट? नाही ना! ज्याने गेमसाठी चांगल्या मुलीला ‘डम्प’ केलं, त्याच्या चेहऱ्यावर ‘अरे, मी हे काय करून बसलो’ उमटतं, तो भाग. मैत्रिणीला कोपर मारून दाखवता तोही तोच.

घरचे म्हणतात, दुसऱ्याच्या रडण्यात कसली गं मजा? थोडी असतेच, नाकारू नका. पण नुसतं दुःखच बघायचं असतं, तर टास्कमध्ये पाय मुरगळलेला स्पर्धकही आपल्याला तितकाच आवडला असता. तो सीन आपण पुढे ढकलतो. आपल्याला हवा असतो तो क्षण, जेव्हा ज्याची चूक त्यालाच ती कळते.

शो बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. एमटीव्हीवर २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्प्लिट्सव्हिला’मध्ये कुणाला घरी पाठवायचं हे सगळ्यांसमोर, तोंडाने सांगावं लागतं. २०२३ मध्ये जिओ सिनेमावर आलेला ‘टेम्प्टेशन आयलंड इंडिया’ त्याच्याही पुढे गेला. जोड्या तोडून मुलं एका व्हिलात, मुली दुसऱ्या व्हिलात, सोबत सिंगल मंडळी. मग शेकोटीभोवती बसवून जोडीदाराच्या क्लिप्स दाखवायच्या. त्याने काय दिवे लावलेत ते आपण आधीच पाहिलेलं असतं, तिला आत्ता कळतंय. आणि आपण तिच्याकडे कमी, त्याची पाळी कधी येते याकडे जास्त लक्ष ठेवून बसतो.

तुमच्या-माझ्या आयुष्यात ही शेकोटी नसते, खरी गंमत तिथेच आहे. दोन वर्षं रोज गुड नाइट म्हणून एक दिवस ‘सीन’वर ठेवून गायब झालेल्याला त्याच्या वागण्याची क्लिप कुणी दाखवत नाही. त्याला वाईट वाटलं का, कधी वाटलं, काहीच कळत नाही. आपण फक्त आपली स्टोरी त्याने पाहिली का ते तपासत राहायचं. शोमध्ये मात्र समोरच्याला कळतं, तेही क्लोजअपमध्ये, मागे पियानो लावून. आपली थकलेली उधारी दुसऱ्या कुणाकडून तरी वसूल झाल्यासारखं वाटतं.

गिलोविच आणि मेडवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं होतं, की लगेचचा पश्चात्ताप बहुतेक वेळा केलेल्या गोष्टींचा असतो, पण वर्षं सरली की न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. शोला वर्षांची वाट बघता येत नाही. म्हणून तिथे पहिला प्रकारच विकला जातो. कॉलेजची तीन वर्षं जिच्याशी बोलायचंच राहिलं, तिच्यावर एपिसोड कोण काढणार?

आणि हे वेड काही ओटीटीने लावलेलं नाही. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये. सुधाकर दारूपायी संसाराची राखरांगोळी करतो आणि त्याला पुरतं कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे ठाऊक असूनही लोक तिकीट काढून पुन्हा पुन्हा जायचे. फक्त पडदा पडला की सुधाकर झालेला नट रंग पुसून जेवायला जात असे.

शोमधला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा स्वतःच्याच नावाने तिथे बसलेला असतो. दिवसभराच्या शूटिंगमधून त्याची कोणती दहा मिनिटं ठेवायची, हे त्याच्या हातात नसतं. पुढे त्याने माफी मागितली, तिने ती स्वीकारली, दोघंही नोकरीला लागले, तरी ते रडणं दर काही महिन्यांनी नव्या गाण्यावर रील होऊन परत येतं. त्याखाली ‘कर्मा’ लिहून हसरा इमोजी टाकणाऱ्यांत आपल्या ग्रुपमधले किती जण आहेत, एकदा स्क्रोल करून मोजा.