सिबिल खराब म्हणजे काय?

हल्ली गावात कर्जाची गोष्ट निघाली की एक शब्द हमखास कानावर येतो. तो शब्द म्हणजे ‘सिबिल’. अमक्याचे सिबिल खराब, म्हणून बँकेने त्याला दारातूनच परत पाठवले. तमकीचे शिवणयंत्राचे कर्ज सिबिलने अडवले. ऐकणारे माना हलवतात. पण सिबिल म्हणजे नेमके काय, ते कोण लिहितो, कोठे लिहितो, असे विचारले तर सगळे गप्प. एका म्हातारबाबांना तर ते एखाद्या रोगाचे नाव वाटले होते!

तर मंडळी, सिबिल हा एक आकडा आहे. त्या आकड्यामागे एक कागद आहे. आणि तो कागद तुम्हांला वाचता येतो.

जमिनीचा सातबारा तुम्हांला ठाऊक आहे. जमीन कोणाची, तिच्यावर कोणत्या बँकेचा किती बोजा, हे त्यात लिहिलेले असते. तसाच माणसाच्या कर्जाचा एक उतारा असतो असे समजा. तुम्ही कोणकोणत्या बँकेकडून कर्ज घेतले, हप्ते वेळेवर भरले की थकवले, कोणाला जामीन राहिलात, हे सारे त्या उताऱ्यात येते. तलाठी मात्र तो लिहीत नाही. बँका, पतपुरवठा करणाऱ्या कंपन्या, बचत गटांना कर्ज देणाऱ्या संस्था या सर्वांना आपल्या कर्जदारांची माहिती महिन्यातून निदान दोनदा पाठवावी लागते. ती माहिती जमवणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत. त्यांतली पहिली २००० साली मुंबईत निघाली. तिचे नाव क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड. या लांबलचक नावातली इंग्रजी आद्याक्षरे जोडून ‘सिबिल’ झाले. आज तिचे नाव ट्रान्सयुनियन सिबिल असे आहे. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. पण लोकांच्या तोंडी पहिलेच नाव बसले. या कंपन्यांसाठी २००५ साली कायदा झाला आणि रिझर्व बँकेची त्यांच्यावर देखरेख असते.

आता आकड्याचे पाहू. तो ३०० पासून ९०० पर्यंत असतो. जितका मोठा तितका चांगला. ७५० च्या वर असेल तर बँका सहसा खूश असतात. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याला आकडा मिळत नाही. त्याची पाटी कोरी. कोरी पाटी म्हणजे खराब पाटी नव्हे. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ मागचा इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व बँकेने बँकांना सांगितले आहे. हे ध्यानात ठेवा, कारण सांगणारे उलटेच सांगतात.

सावकाराचे कर्ज, सोयऱ्यांकडून घेतलेले हातउसने, भिशीचे पैसे, यांतले काही त्या उताऱ्यात येत नाही. म्हणून सावकाराचे चोख फेडले तरी हा आकडा वाढत नाही. आणि बँकेत आकडा पडला की माणूस पुन्हा सावकाराच्याच ओट्यावर जातो. शेकडा दोन, तीन, कधी पाच रुपये महिना! खरा धोका हा आहे. नुसत्या आकड्याला कोण विचारतो?

आकडा कशाने घसरतो? मुख्य कारण एकच. ठरल्या तारखेला हप्ता न भरणे. रक्कम लहान की मोठी, हे फारसे पाहिले जात नाही. तारीख पाहिली जाते. आपली सवय वेगळी आहे. “पाटलाचे पैसे आहेत, दिवाळीला देऊ, पळून थोडेच चाललो?” असे आपण म्हणतो, आणि देतोही. गावात ती पत चालते. यंत्राला मात्र दिवाळी कळत नाही. पाच तारखेचा हप्ता वीस तारखेला भरला तर पंधरा दिवस उशीर, एवढेच तिथे लिहिले जाते.

पीककर्जाचेही तसेच. खरिपाच्या कर्जाची शेवटची तारीख आपल्याकडे बहुधा ३१ मार्च असते. त्या तारखेच्या आत पैसे भरून पुन्हा कर्ज उचलायचे, याला बँकेत ‘नवे-जुने’ करणे म्हणतात. मुदत चुकली की व्याजाची सवलत जाते आणि खाते थकीत दिसू लागते. आपली तारीख शाखेत विचारा आणि पासबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

गेल्या वर्षी आमच्या गावचे एक शेतकरी माझ्याकडे आले. दोन म्हशी घ्यायच्या होत्या. बँकेने सिबिलचे कारण सांगून नकार दिला होता. ते म्हणाले, “गुरुजी, मी सोसायटीचा एक रुपया कधी बुडवला नाही. हे कसले सिबिल?” आम्ही सेवा केंद्रात जाऊन त्यांचा अहवाल काढला. पॅन कार्ड लागले, मोबाईल लागला. खर्च छपाईपुरता. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे, असा २०१७ पासून नियम आहे. चार कंपन्या आहेत, म्हणजे वर्षातून चार वेळा फुकट पाहता येते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने आकडा कमी होत नाही. ही भीती पुष्कळांना असते, ती सोडून द्या.

कागद इंग्रजीत होता. पण आकडे तेच, जे नोटेवर आणि मोबाईलवर असतात. प्रत्येक कर्जाखाली महिन्यामहिन्यांचे चौकोन होते. चौकोनात तीन शून्ये असली तर त्या महिन्यात काही थकलेले नाही. ०३० असेल तर तीस दिवस उशीर, ०६० म्हणजे साठ दिवस. एवढे कळले की निम्मा अहवाल वाचून झाला.

पहिली नोंद त्यांच्या बँकेच्या पीककर्जाची. सगळी शून्ये. गृहस्थ खुलले. दुसरी नोंद एका मोबाईलची. मुलाने दुकानात बापाचे कागद देऊन हप्त्यावर फोन घेतला होता. तो फुटला, म्हणून शेवटचे दोन हप्ते भरलेच नाहीत. दोन हप्ते म्हणजे दोन हजार रुपये. वर दंड चढत गेला आणि चौकोनांत ०३०, ०६०, ०९० असा जिना तयार झाला. फोन फुटला तरी कर्ज फुटत नाही!

तिसरी नोंद पाहून ते म्हणाले, “हे कर्ज माझे नाही, चुलतभावाच्या ट्रॅक्टरचे आहे.” खरे होते. पण ते त्याला जामीन होते. जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसते. भावाने थकवले की ते याच्या नावासमोर येते. आपल्याकडे भिडेखातर जामिनाची सही होते. भीड ही भिकेची बहीण, असे जुनी माणसे उगाच म्हणत नसत. बायकांच्या गटांत तर याहून वाईट प्रकार चालतो. “तुझ्या नावावर कर्ज उचल, पैसे मला दे, हप्ते मी भरीन,” असे एखादी शेजारीण म्हणते. तिने पुढे हप्ते सोडले की ज्या बाईचे नाव, तिचाच उतारा काळा होतो. शेजारणीचे नावही कोठे लिहिलेले नसते. माझ्या मते असे कर्ज मैत्रिणीसाठी, नणंदेसाठी, कोणासाठीही उचलू नये.

चौथी नोंद मात्र खरोखरच त्यांची नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोणा माणसाचे नाव आणि वडिलांचे नाव तेच होते. त्याचे थकलेले कर्ज यांच्या नावावर चढले होते. ही चूक आहे हे कागद वाचल्यावाचून कोणाला कळले असते?

पुढे काय केले ते सांगतो. मोबाईलचे पैसे दंडासह भरले आणि कंपनीकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नाही असे पत्र, घेतले. येथे एक सावधगिरी हवी. फार थकलेल्या कर्जात बँक कधी कधी म्हणते, “ऐंशी हजार देणे आहे, पन्नास हजार भरा, मिटवून टाकू.” ही तडजोड झाली. माणूस संकटात असेल तर ती घ्यावी लागते, मी नाही म्हणत नाही. पण उताऱ्यात तिथे ‘बंद’ असे न येता ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, आणि पुढची बँक त्यावरून समजते की मागच्या बँकेचे तीस हजार बुडाले. ऐपत आल्यावर उरलेली रक्कम भरून तो शेरा बदलून मागता येतो. कर्जमाफी झाली असेल तरीही खाते बंद झाल्याचा कागद बँकेतून घ्या आणि उताऱ्यात ते कसे दिसते ते एकदा पाहा.

चुकीच्या नोंदीसाठी अर्ज दिला आणि ती नोंद निघाली. आकडा मात्र लगेच चढला नाही. मागचा उशीर पुसला जात नाही. तो हळूहळू जुना होतो आणि पुढची शून्ये त्याच्यावर साचत जातात. त्याला महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षे. आठ महिन्यांनी त्यांच्या गोठ्यात एक म्हैस आली. दुसरी अजून चुलतभावाच्या ट्रॅक्टरपाशी अडली आहे.

या मधल्या काळात दहा बँकांत दहा अर्ज टाकू नयेत. प्रत्येक बँक तुमचा अहवाल मागवते, त्याची नोंद होते, आणि माणूस पैशासाठी फार धडपडतो आहे असे दिसते. तालुक्याच्या गावी ‘सिबिल वाढवून मिळेल’ अशा पाट्या दिसतात. पाच हजार द्या, आठ दिवसांत आकडा वाढवतो म्हणतात. खरी नोंद कोणालाही पैसे घेऊन पुसता येत नाही. आणि चुकीची नोंद तुम्हांला स्वतः फुकट दुरुस्त करून घेता येते. असल्या माणसाला मोबाईलवर आलेला ओटीपी तर मुळीच सांगू नका.

दुरुस्तीचा अर्ज ज्या बँकेने नोंद पाठवली तिला करता येतो, किंवा अहवाल देणाऱ्या कंपनीला. तो साध्या मराठीत असा लिहावा:

“मा. शाखाधिकारी यांस,
माझ्या पतअहवालात आपल्या बँकेचे कर्ज खाते क्रमांक ……… दाखवले आहे. हे कर्ज मी घेतलेले नाही. मी त्याला जामीनही नाही. माझ्या पॅन कार्डाची व आधार कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. तरी नोंद तपासून दुरुस्त करावी आणि मला लेखी कळवावे.
आपला,
(नाव, गाव, सही, तारीख)”

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का व तारीख घ्या. “ठेवून जा, बघतो” असे कोणी म्हणाले तरी शिक्का घेतल्यावाचून उठू नका. शिक्क्यावरच्या तारखेपासून तीस दिवस मोजायचे. तेवढ्या दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई अर्जदाराला द्यावी, असा रिझर्व बँकेचा २०२३ सालचा आदेश आहे. तरीही उत्तर आले नाही तर रिझर्व बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिला फी नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी फोन क्रमांक १४४४८ आहे. फोन करताना शिक्क्याची प्रत हाताशी ठेवा, कारण तारीख विचारतात.