तूर, तीन आणि आपल्या मुलांची तिलावत

बदनापूरच्या मुलांना ‘तूर’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. इथल्या कृषी संशोधन केंद्राचे ‘बीडीएन ७११’ हे तुरीचे वाण शेतकऱ्यांच्या तोंडी असते. कुरआनच्या ५२व्या सूरहचे नावही ‘अत्-तूर’ आहे. हजरत मूसा (अलै.) यांच्याशी जोडलेला तो पर्वत. मात्र त्यातला ‘त’ आपला नव्हे. तो ‘तोय’चा आहे, जिभेचा मागचा भाग वर उचलून जाड काढायचा. ९५वी सूरह ‘अत्-तीन’ हिच्यात साधा ‘ते’ आहे, आणि अर्थ अंजीर. तिथे ‘तोय’ उच्चारला तर अंजिराची माती होते. अरबीत ओल्या मातीला तोयवाला ‘तीन’ म्हणतात. मराठी अक्षरांत दोन्ही ‘तीन’च, आणि तिसरा ‘तीन’ गणिताच्या पुस्तकात!

मराठी माध्यमातली मुले आणि उर्दू न शिकलेल्या आया-बहिणी देवनागरीत छापलेला कुरआन वाचतात. त्या प्रतींना आम्ही नावे ठेवणार नाही. अनेक घरांत तिलावत त्यांच्यामुळेच सुरू झाली. पण अरबीतले ‘से’, ‘सीन’, ‘स्वाद’ तिथे एका ‘स’मध्ये येतात, आणि ‘जाल’, ‘जे’, ‘ज्वाद’, ‘जोय’ एका ‘ज’मध्ये. मराठी छपाईत नुक्त्याची रीत नाही, आणि असती तरी चार ‘ज’ एका नुक्त्याने वेगळे झाले नसते.

उर्दू बोलणाऱ्या घरांनीही निर्धास्त राहू नये. मराठवाड्यातली आपली बोली दखनी वळणाची. आपण सहज ‘खुरबानी’, ‘खाजी’ म्हणतो. घरात त्यात काही वावगे नाही, दखनी गोडच आहे. तिलावतीत मात्र दोन नुक्त्यांचा ‘काफ’ तसाच आला पाहिजे. ‘कल्ब’ त्या काफने म्हटले तर हृदय. साध्या ‘काफ’ने म्हटले तर कुत्रा. वर्गात आम्ही एक सोपी कसोटी वापरतो. ‘खे’चा आवाज घासत लांबवता येतो. ‘काफ’ लांबवता येत नाही. जिभेचे मूळ पडजिभेपाशी टेकते, हवा अडते आणि सुटते. मुलाचा आवाज लांबत असेल तर तो अजून ‘खे’च काढतो आहे.

आपली मराठी मात्र एका ठिकाणी छान मदतीला येते. ‘अंत’मध्ये अनुस्वाराचा ‘न्’ होतो, ‘आंबा’मध्ये ‘म्’. कोणी शिकवत नाही, जीभच करते. तजवीदमध्ये ‘नून साकिन’पुढे ‘बे’ आली की नूनचा मीम होतो, त्याला ‘इक्लाब’ म्हणतात. ‘मिन बअद’चे ‘मिम्बअद’. ‘आंबा’ म्हणणाऱ्या मुलाला हा नियम पाठ करावा लागत नाही.

हीच सवय ‘इजहार’मध्ये आडवी येते. हमजा, छोटी हे, ऐन, बडी हे, गैन, खे या कंठातल्या सहा अक्षरांपुढे नून स्वच्छ उच्चारायचा असतो. मराठीत ‘संहार’ आपण ‘संव्हार’सारखा बोलतो. म्हणून ‘मिन्हुम’ अनुस्वाराने ‘मिंहुम’ छापले असेल तर मूल ‘मिंव्हुम’ वाचणार. सूरह फातिहातला ‘अन्अम्त’ घ्या: नून पूर्ण, मग ऐन. नमाजच्या प्रत्येक रकातीत येणारा शब्द, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

साठीतल्या आजीची जीभ ‘ज्वाद’साठी वळत नाही म्हणून नातवंडे हसतात, हे आम्हाला मुळीच रुचत नाही. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे: जो अडखळत, कष्टाने कुरआन वाचतो, त्याला दुहेरी सवाब आहे. नातवंडांनी आजीपाशी बसून रोज एक शब्द म्हणावा.

ऐकण्यासाठी मिसरचे कारी महमूद खलील अल-हुसरी (१९१७–१९८०) निवडावेत. संपूर्ण कुरआनचे त्यांचे संथ, ‘मुरत्तल’ ध्वनिमुद्रण १९६१चे आहे, मोबाईलवर सहज मिळते. एक आयत ऐकावी, थांबवावी, तीनदा म्हणावी. पण मोबाईल आपली चूक दाखवत नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा मकतबच्या उस्तादांना ती आयत ऐकवावी आणि त्यांनी थांबवले तिथे पेन्सिलने खूण करावी.