विश्वचषकाआधीची परीक्षा

महिलांचा पहिला फुटबॉल विश्वचषक १९९१चा. पण तो भरवायचा की नाही, हे ठरलं त्याच्या तीन वर्षं आधी, चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात.

१९८६ साली मेक्सिकोत फिफाची परिषद भरली होती. नॉर्वेच्या प्रतिनिधी एलेन विले व्यासपीठावर गेल्या आणि त्यांनी थेट विचारलं, फिफाच्या इतक्या कागदपत्रांत महिला फुटबॉलला जेमतेम अर्धं पान कसं? आम्हालाही विश्वचषक हवा. पुरुषांनी भरलेल्या त्या सभागृहात असं बोलायला धाडस लागतं.

फिफाने आधी पाहुण्या संघांना बोलावून चाचणी घ्यायची ठरवली. जून १९८८मध्ये १२ संघ चीनमध्ये उतरले. पात्रता फेरी नव्हती, निमंत्रणावरच प्रवेश. ब्राझीलच्या मुलींचं येणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. त्यांच्या देशात १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांनी फुटबॉल खेळण्यावर सरकारी बंदी होती! त्या संघाने यजमान चीनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरा क्रमांक पटकावला. अंतिम सामन्यात लिंडा मेदालेनच्या एकमेव गोलवर नॉर्वेने स्वीडनला नमवलं.

प्रेक्षकांनीही भरभरून दाद दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस फिफाने विश्वचषकाला मान्यता दिली आणि यजमानपद पुन्हा ग्वांगडोंगकडेच आलं. मात्र त्या विश्वचषकात सामने ९० ऐवजी ८० मिनिटांचेच ठेवले. बायकांच्या दमाबद्दलचा संशय तेव्हाही गेला नव्हता.