450 अंडी आणि चिमूटभर सोनं

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या घरखर्चात 1290 सालची एक नोंद आहे: ईस्टरसाठी 450 अंडी, 18 पेन्स. ती उकडून, रंगवून किंवा सोन्याचा वर्ख चढवून राजाच्या पदरच्या माणसांना वाटायची होती. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात अंडी वर्ज्य असत, कोंबड्या मात्र घालतच राहायच्या. त्यामुळे सणाला अंड्यांचा तोटा नसे.

पण सोनं किती लागलं असेल? मी हिशेब मांडला आणि थक्क झालो. आजचा वर्ख सुमारे 0.1 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे सोन्याच्या अणूंचे जेमतेम चार-पाचशे थर. कोंबडीच्या अंड्याचं कवच साधारण 70 चौरस सेंटीमीटर भरतं. एका अंड्याला 14 मिलिग्रॅम सोनं पुरतं, साडेचारशेंना सहा-सात ग्रॅम. एका अंगठीचं सोनं! तेव्हाचा वर्ख जाड असायचा, म्हणून काही पट जास्त धरा; तरी एका हाराच्या आतच.

सोनं इतकं पसरतं, कारण ठोकताना त्याच्या अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण एकमेकांना सोडत नाहीत.

बर्फीवरचा चांदीचा वर्ख ज्याने बोटाने उचलून पाहिलाय, त्याला या कामातली पंचाईत कळेल. बोट लागलं की वर्ख बोटाचाच होतो, वारा लागला की उडून जातो. म्हणून घरी अंड्यावर वर्ख चढवताना आधी पंखा बंद करायचा. अंडं व्हिनेगरने पुसायचं, वर चिकट द्रवाचा पातळ हात द्यायचा, तो किंचित ओलसर असतानाच मऊ कुंचल्याने वर्ख उचलून अलगद सोडायचा. सपाट पान गोल कवचावर बसताना सुरकुतणारच. पण कोरड्या कुंचल्याने हलकेच झाडलं, की जास्तीचे तुकडे उडून जातात, सुरकुत्या मिटतात आणि अंडं भरीव सोन्याचं वाटू लागतं.

आणि चिकटवायला काय? मध्ययुगात पोथ्यांवर सोनं चढवणारे कारागीर अंड्याचा पांढरा बलक फेसून ठेवत आणि खाली साचलेलं पाणी वापरत. तेच इथेही चालतं. अंड्यावरचं सोनं अंडंच धरून ठेवतं, हे मला फार आवडतं.

एखादं पान उरलं तर ते काचेवर ठेवून उजेडाकडे धरून पाहा. पिवळा प्रकाश परत फिरतो आणि सोन्यातून आरपार येतो तो हिरवट निळा उजेड.