प्रबंधलेखनाचा काळ आणि इतिहासाचा विद्यार्थी

इतिहासाचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच्या घरी आणि विभागातही एकच प्रश्न वारंवार ऐकावा लागतो: ‘किती पाने लिहून झाली?’ पहिल्या दीड-दोन वर्षांत या प्रश्नास बहुधा समाधानकारक उत्तर नसते, आणि त्यामुळे विद्यार्थी मनातल्या मनात स्वतःस अपराधी समजू लागतो. या काळात प्रत्यक्ष कोणते काम चालते, ते मराठ्यांच्या इतिहासाच्या उदाहरणावरून स्पष्ट करण्याचा येथे विचार आहे.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील किंवा १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातील कागद अभ्यासावयाचे म्हणजे प्रथम मोडी लिपी आली पाहिजे. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही. ‘राजश्री’सारखे नित्याचे शब्द एका अक्षरावर भागविलेले असतात. यास्तव मुळाक्षरे अल्पावधीत अवगत झाली तरी अपरिचित हस्ताक्षरातील एक पत्र लावण्यात सबंध दिवस जाणे हे मुळीच आश्चर्याचे नाही.

पत्र लागले म्हणजे त्याचा काळ ठरवावयाचा. समजा, पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ आणि ‘छ ७ जमादिलाखर’ अशी नोंद आहे. आकडे उलट क्रमाने, म्हणजे एक, साठ, शंभर व हजार असे घेतल्यास शुहूर सन ११६१ मिळतो. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात मुसलमानी महिन्याची तारीख. शुहूर सन सूर्याच्या मृगप्रवेशाबरोबर बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले असता इसवी सन येतो. वरील नोंदीचा दिवस १४ जानेवारी १७६१, म्हणजे पानिपतच्या युद्धाचाच होय. येथे ६०० ऐवजी ५९९ मिळविले, तर पत्र एक वर्ष मागे जाते. मग कार्य हे कारणाच्या आधी येऊन बसते, आणि त्यावर उभारलेले सबंध प्रकरण कोसळते.

तिसरी अडचण भाषेची. जो शब्द आपणांस परिचित वाटतो तोच अधिक फसवितो. या पत्रांतील ‘राजकारण’ म्हणजे पुष्कळदा गुप्त वाटाघाट किंवा संधान. आजचा व्यापक अर्थ तेथे लावल्यास वाक्याचा रोखच बदलतो. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अशा वेळी उपयोगी पडतो खरा, तथापि अंतिम निर्णय त्या काळच्या इतर पत्रांतील प्रयोगांवरूनच करावा लागतो.

एका दिवसाच्या या श्रमांतून प्रबंधात कदाचित एकच तळटीप उतरते. उलट मुदत मात्र मोजकी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा अवधी किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांचा आहे. याच वर्षांत शिष्यवृत्ती संपते, बरोबरीची मंडळी नोकरीस लागतात, आणि रुमालांमागून रुमाल सोडणाऱ्या विद्यार्थ्यास आपण एकटेच मागे राहिलो असे वाटू लागते.

या अवस्थेत दोन धोके संभवतात. एक, पाने भरण्याच्या घाईत छापील ग्रंथांतील उतारे जोडून प्रकरण उभे करणे. दुसरा धोका याच्या उलट आणि अधिक सूक्ष्म: आणखी एक रुमाल पाहू, मग लिहू, असे म्हणत लेखन टाळीत राहणे. दफ्तराला अंत नाही. प्रश्नाला मात्र मर्यादा घालता येते. म्हणून वाचलेल्या प्रत्येक पत्राखाली ‘यावरून काय सिद्ध होते, काय होत नाही’ अशा दोन ओळी त्याच दिवशी लिहून ठेवणे इष्ट. त्या ओळींतूनच पुढे प्रकरणाचा सांगाडा तयार होतो.

मार्गदर्शकांनीही पृष्ठसंख्येबरोबर या टिपणांची चौकशी करावी. आज कोणते पत्र लागले, त्याची तिथी कशी ठरविली, एवढे आस्थेने विचारले तरी विद्यार्थ्याच्या मनावरील बराच भार हलका होतो, आणि चूक असल्यास ती प्रबंधात शिरण्यापूर्वीच सापडते.