नेट घरात, पण फोन कुणाच्या हातात?

रात्री साडेअकराला ‘आजचा डेटा संपला’ असा मेसेज आला की आपली चिडचिड होते ना? मग जरा आठवा, तुमच्या घरात नेट आलं कधी?

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ‘सर्वसामान्य’ म्हणायला फक्त! घरी लँडलाइन हवी, कॉम्प्युटर हवा, मोडेम हवा. नेट लावलं की फोन एंगेज. हे सगळं परवडायचं ते खाऊनपिऊन सुखी घरांना. बाकीची पोरं चौकातल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायची.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. काही महिने डेटा फुकट, नंतर स्वस्त. आता सगळे ऑनलाइन, असं आपल्याला वाटलं. पण २०१७-१८ ची सरकारी पाहणी सांगते, देशातल्या १०० घरांपैकी जेमतेम २४ घरांत नेट होतं. सगळ्यात गरीब २० टक्के घरांत हेच प्रमाण ९ टक्के, तर सगळ्यात श्रीमंत २० टक्क्यांत ५० टक्के. दोनच वर्षांनी लॉकडाऊन लागलं नि शाळा मोबाइलवर भरली. कुणाची भरली आणि कुणाची सुटली, हे वेगळं सांगायला नको.

२०२५ च्या पाहणीत हा आकडा ८६ टक्क्यांवर गेलाय. भारीच! मग दरी मिटली?

इथेच गोची आहे. हा आकडा ‘घर’ मोजतो, माणूस नाही. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो सकाळी बाबांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी घरी येतो, तेव्हा पहिला नंबर बहुतेक दादाचा. ताईचा नंबर रात्री, डेटा उरला तर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी ना कधी नेट वापरलेले पुरुष होते ५७ टक्के, बायका फक्त ३३. त्यात स्कॉलरशिपचा फॉर्म, फोटोची साइज, ओटीपी हे सगळं फुटक्या स्क्रीनवर करायचं. लॅपटॉपवाल्याला दहा मिनिटं लागतात, तिची अख्खी रात्र जाते.

म्हणून कॉलेजच्या ग्रुपवर ‘लिंक टाकलीय, आज लास्ट डेट’ असं लिहून मोकळे होऊ नका. ब्लू टिक न आलेल्या मैत्रिणीला एक फोन लावा. कदाचित तिचा नंबर अजून लागलेलाच नसेल!